मॉर्मन पाहुण्याच्या आडून

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं शिकलेली माणसं असल्या गोष्टींत फसत नाहीत. मी फसले. आणि शिकलेली होते म्हणूनच फसले.

पलसाण्याला हायवेलगत कापड रंगवायचे आणि छापायचे जे कारखाने आहेत, त्यातल्या एकाच्या एक्स्पोर्ट खात्यात मी काम करते. परदेशी गिऱ्हाइकाला कापडाचे तुकडे पाठवायचे, रंगाची छटा त्याच्याकडून मंजूर करून घ्यायची, पास नाही झाली तर खाली जाऊन रंगवाल्यांशी भांडायचं, हे माझं काम. माझे वडील याच पट्ट्यात दुसऱ्या एका कारखान्यात रंग कालवायचे. ते आता नाहीत. डिंडोलीत दोन खोल्यांचं घर आहे, त्यात माय आणि मी.

गेल्या थंडीत अमेरिकेतून एक खरेदीदार तीन दिवसांसाठी आला. युटा नावाच्या राज्यातला, पडद्याचं कापड घेणारा. येण्याआधी त्याने मला ईमेल केलं होतं की मी मॉर्मन आहे, चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू घेत नाही, माझ्यासाठी काही वेगळं करू नका, पाणी पुरे. साधं, नम्र ईमेल. ते मी शेठना वाचून दाखवलं आणि तिथून तमाशा सुरू झाला.

शेठनी फर्मान काढलं की तीन दिवस कारखान्यात चहा होणार नाही. पाहुण्याच्या खोलीत नाही, ऑफिसात नाही आणि खाली खात्यातही नाही, कारण वास वर येतो. अकराचा आणि चारचा, दोन्ही चहा बंद. वाफेत, रंगाच्या उग्र वासात आठ-आठ तास उभ्या असलेल्या माणसांचा चहा, एका माणसाच्या धर्मासाठी, ज्या माणसाने तसं मागितलंच नव्हतं. मी म्हटलं, शेठ, त्यांनी तर लिहिलंय काही वेगळं करू नका. शेठ म्हणाले, बेन, तुला बिझनेस कळत नाही. आणि स्वतःच्या केबिनमध्ये थर्मास ठेवला. स्टीलच्या पेल्यातून प्यायचे, म्हणजे आत काय आहे ते दिसायला नको. खालची माणसं मला टोमणे मारायची. एका फोरमनने तर विचारलं, तुझा गोरा देव गेला की चहा मिळेल ना आम्हाला? माझं ऐकून कोण चहा चालू करणार होतं?

पाहुणा स्वतः सकाळी दहा वाजता कोलाची थंड बाटली उघडायचा. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलंच, की यातही कॅफिन आहे, मग हे कसं चालतं? तो हसला. म्हणाला, बाहेरच्यांना वाटतं आमचा नियम कॅफिनचा आहे. तसं नाही. आमच्या जुन्या वचनात शब्द आहे तो 'गरम पेय'. वडीलधाऱ्यांनी त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला, तोच चालू आहे. मी विचारलं, मग गरम चॉकलेट? चालतं. थंड केलेला चहा? चालत नाही. ग्रीन टी? तीच पत्ती, नाही चालत. पुदिना किंवा आलं उकळून? ते चालतं. कोलाबद्दल मात्र त्यांच्यातही वाद आहे म्हणाला, त्याची आजी कोलाही घरात येऊ द्यायची नाही.

मला रागच आला. गरम पेय म्हणता, गरम चॉकलेट पिता आणि थंड चहा सोडता, याला काय अर्थ आहे? तसं मी जरा सौम्य शब्दांत बोलून दाखवलं. तो म्हणाला, नियम मी लिहिलेला नाही, मी फक्त पाळतो. आणि पुढे म्हणाला की मी पाळतो तो माझ्यासाठी, तुम्ही माझ्यासमोर खुशाल प्या. मग त्याने विचारलं, इथे कोणी चहा घेताना दिसत नाही, मी तर वेगळं ऐकलं होतं. मी खोटं बोलले. म्हटलं, आमच्याकडे फारसं चालत नाही. सुरतेत बसून हे बोलले. माझी मलाच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी, जायच्या आधी, त्याला कारखान्यातल्या कुणाचं तरी घर बघायचं होतं. हॉटेल आणि ऑफिस सोडून काही पाहिलंच नाही म्हणाला. शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. याचं कारणही सांगते. माझं इंग्रजी बरं आहे आणि मी नीटनेटकी राहते, त्यामुळे शेठना वाटलं घरही दाखवण्याजोगं असेल. ते स्वतः कधी आमच्याकडे आले नव्हते. पण माझ्या डब्यातला ठेचा-भाकरी त्यांनी कितीदा तरी खाल्ली होती, उभ्या उभ्या, माझ्या टेबलाशी येऊन. सुरतेत आम्ही सगळे नुसते 'मराठी'. आडनावावरून इथल्या शेठ लोकांना काही उमगत नाही आणि त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लपवलं मात्र नव्हतं. लपवण्यासारखं काय आहे त्यात? आम्ही बौद्ध.

मी मायला फोन केला. म्हटलं, दोघं येताहेत, शेठ आणि अमेरिकेचा पाहुणा. पाहुणा चहा घेत नाही. मायने कारण विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या धर्मात नाही.

फोनवर ती जराशी थांबली. ते थांबणं मला कळायला हवं होतं. मायच्या लहानपणी जळगावकडच्या त्यांच्या गावात हॉटेलवाला माझ्या आजोबांचा कप मागच्या भिंतीच्या फटीत ठेवायचा. आजोबांनी तो काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, विसळायचा आणि परत फटीत ठेवायचा. का, असं मायने विचारलं की उत्तर मिळायचं, आपल्या धर्मात तसं आहे. माय सुरतेवर जीव टाकते त्याचं मोठं कारण इथल्या चहाच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या. लग्न होऊन आली तेव्हा वडिलांनी तिला कारखान्याबाहेरच्या लारीवर नेलं होतं. सगळ्यांचे हात रंगाने निळे-लाल आणि ग्लास सगळ्यांना तेच. ती अजून सांगते ते.

पण फोनवर तिने एवढंच विचारलं, "त्याले पत्ती चालत नही, का गरमच चालत नही?"

बघा. दोन दिवस डोकं खाजवून मी ज्या प्रश्नापर्यंत आले होते, तिथे चौथी शिकलेली माझी माय एका दमात पोचली. मी म्हटलं, पत्ती. बरं, म्हणाली आणि फोन ठेवला.

आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून कोपऱ्यापासून चालत आलो. पाहुण्याने कुणी न सांगता दारात बूट काढले. शेठनीही काढले. आत आले, खुर्चीवर बसता बसता त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे बुद्धाची तसबीर आहे आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. मराठी वाचकाला तो कोणाचा हे सांगायला नको. आता शेठनाही सांगायला नको, एवढं सुरतेत राहून त्यांना माहीत होतं. त्यांची नजर तिथून निघाली ती माझ्यावर आली, मग मायवर, मग मोबाइलवर. त्या वेळी मी याचा काहीच अर्थ लावला नाही. मी पाहुण्याला घर दाखवण्यात गुंतले होते.

मायने ट्रे आणला. नवे कप, स्टीलच्या ताटलीत तळलेले बिबडे, आमचे खानदेशी पापड, पाण्याचे दोन ग्लास. चहा आलं, पुदिना आणि गवती चहा घालून केलेला, खास सुरती पद्धतीचा, कारण शेठना तसाच लागतो हे मी घरी शंभरदा बोलले होते. पाहुण्याने छातीवर हात ठेवून मान तुकवली आणि म्हणाला, माफ करा. माय हसली, तिला हे ठाऊकच होतं. कप तिने शेठपुढे धरला.

शेठ मोठ्याने हसले. "मेहमान नथी पीता, मासी, तो हुं केम पीउं?"

पाहुणे पीत नाहीत तर मी कसा पिऊ. मी काय करावं? मी ते चटकन इंग्रजीत करून पाहुण्याला सांगितलं की शेठ तुमच्या सोबतीखातर चहा सोडताहेत. पाहुण्याचे डोळे भरल्यासारखे झाले. किती मोठं मन, म्हणाला. माझ्या तोंडून ऐकून म्हणाला तो ते. शेठच्या बेइमानीला इंग्रजीची इस्त्री मी केली.

माय आत गेली आणि दुसरा कप घेऊन आली. त्यात पत्ती नव्हती. गवती चहाची पात, पुदिना, साखर, नुसतं उकळलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पाहुण्याला सांगितलं, यात चहाची पत्ती नाही, गवत आहे. त्याने पुन्हा एकदा खात्री करून घेतली, मग फुंकर मारून प्यायला. अजून मागितलं. बिबडे पाच खाल्ले, हे कशाचं म्हणून विचारलं, मायने ज्वारी हातात आणून दाखवली. पाणीही प्यायला. शेठच्या पुढ्यातला चहा निवत होता, पाण्याच्या ग्लासला हात नव्हता, बिबड्याचा तुकडाही नाही. आम्लपित्त आहे म्हणाले. पाहुणा कप हातात धरून पीत होता आणि 'पाहुणे पीत नाहीत' म्हणणारा माणूस शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. एवढं ढळढळीत समोर असून मला दिसलं नाही. मी मॉर्मन लोकांचा नियम मराठी घरात कसा सुंदर सुटला या आनंदात होते.

परत पलसाण्याला जाताना मीही गाडीत होते. डिंडोली सोडून वीस मिनिटं झाली नसतील, शेठनी हायवेवर एका लारीपाशी गाडी थांबवायला सांगितली. पाहुण्याला कोलाची बाटली आणून दिली, तो गाडीतच बसला. शेठ खाली उतरले आणि बशीत ओतून भुरके मारत लागोपाठ दोन चहा प्यायले. तीन दिवसांत पहिल्यांदा उघड्यावर. एक माझ्या हातात दिला. मी तो प्यायले.

हे लिहिताना अजूनही कान गरम होतात. मी तो प्यायले, आणि छान आहे म्हटलं.

संध्याकाळी घरी आले तर माय शेगडीजवळच्या पाटावर बसून होती, गॅस बंद, स्वयंपाक नाही. मला वाटलं पाहुण्याने चहा नाकारला ते हिला लागलं. मग मी सुरू झाले. मॉर्मन म्हणजे कोण, त्यांचं वचन काय, गरम पेय म्हणजे काय, कॅफिनचा संबंध कसा नाही, त्यांच्यात दारूही नाही, तो माणूस बघ तुझ्या हातचं कसं आवडीने प्यायला, जातीपातीचा यात काही संबंध नाही माय, त्यांना जात माहीतच नाही. अर्धा तास तरी बोलले असेन. कॉलेजात प्रोजेक्ट सादर केल्यासारखी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"त्या गोरानं माले समजनं. तुना शेठले काय व्हयनं?"

गोऱ्याचं तिला कधीच कळलं होतं, ती शेठचं विचारत होती.

"चहा मी शेठकरता करेल व्हता," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकाखाली एक लागलं. भिंतीवरची नजर. पाण्याचा ग्लास. थर्मास. लारी. मला कोणी सांगेल की तुला हे सिद्ध करता येणार नाही. नाहीच येणार. असल्या गोष्टी कोणी सिद्ध करता येतील अशा करतच नाही. एक परका माणूस आपल्या धर्माचा नियम प्रामाणिकपणे पाळतो आणि आमचा माणूस त्याच नियमाच्या आडोशाला उभा राहून आपला जुना विटाळ पाळतो. आणि दोघांचे नकार कानाला अगदी सारखे लागतात. पाहुण्यावरही मला राग आला, सांगून टाकते. ज्याच्या देशात चहा म्हणजे नुसता चहा, त्याला नियम पाळणं सोपं. इथे कपाला नको म्हणणं काय असतं हे त्याला कोणी कधी शिकवलं नसेल. पण त्याचा राग रात्रभरही टिकला नाही. तो पाणी तरी प्यायला.

माझ्या डब्यातली भाकरी शेठनी त्या दिवसानंतर कधी खाल्ली नाही. आठवडाभर मी वाट पाहिली, डबा मुद्दाम उघडा ठेवून. ते टेबलाजवळून जायचे, बोलायचे, पण हात डब्याकडे येत नव्हता. शुक्रवारी मी केबिनमध्ये गेले आणि सरळ विचारलं की तुम्ही आमच्या घरी चहा का घेतला नाही. ते म्हणाले, मेहमान होते ना. मी म्हटलं, मेहमान तर पीत होते. ते म्हणाले, ॲसिडिटी. मी म्हटलं, लारीवर दोन प्यायलात, एक मला दिलात. मग मात्र त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच परत चढला. हसले. माझ्या खांद्यावर थोपटायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. म्हणाले, तू फार मनावर घेतेस, बेन, माझ्या मनात असलं काही नाही, मी रविवारी येतो, मासीच्या हातचा एक नाही, दोन कप पिऊन दाखवतो.

पिऊन दाखवतो. जसं काही माझ्या मायचा चहा म्हणजे औषध आहे आणि ते सगळ्यांसमोर गिळायची हिंमत ते करणार आहेत.

मी घरी येऊन मायला सांगितलं आणि म्हटलं, मी नको म्हणून कळवते. ती म्हणाली, येऊ दे. घरी येणाऱ्याला नाही म्हणू नये.

रविवारी दुपारी चारला ते आले. मिठाईचा डबा घेऊन. मायने दार उघडलं, बसवलं, पंखा लावला, पाण्याचा ग्लास दिला. ते पाणी एका दमात प्यायले, माझ्याकडे बघत. मग माय समोर बसली आणि गप्पा मारायला लागली. तिचं हिंदी, गुजराती, अहिराणी सगळं एकत्र असतं, पण समजतं. मुलं काय करतात, सून कुठली, कारखान्यात आता रंग पूर्वीसारखे हाताने कालवतात का, माझ्या वडिलांच्या वेळी कसं होतं. पाऊण तास गेला. शेठ अधूनमधून स्वयंपाकघराकडे बघत होते. माय उठत नव्हती. मलाही तिने डोळ्यांनी बसवून ठेवलं होतं.

शेवटी शेठनीच विचारलं. म्हणाले, मासी, चहा? तुमच्या हातचा प्यायलाच तर आलोय.

माय शांतपणे म्हणाली, "उस दिन आपने नहीं लिया ना, शेठ. मेरे को लगा आपको भी नहीं चलता होगा. इसलिए रखा नहीं."

आवाज जराही चढलेला नव्हता. टोमणा मारते आहे असं कोणी म्हणू शकलं नसतं. शेठ म्हणाले, चालतो, मला चालतो. ती बरं म्हणाली आणि सुनेचं माहेर कुठलं हे परत विचारलं. दूध घरात होतं. पत्ती डब्यात होती. ती उठली नाही. थोड्या वेळाने शेठ उठले, बूट घातले, गल्लीतून चालत गाडीपाशी गेले. मिठाईचा डबा मायने शेजारच्या मुलांना वाटून टाकला, स्वतः एक पेढा खाल्ला, बरा आहे म्हणाली.

मला वाटलं आता संपलं. मी नोकरी सोडावी का असंही डोक्यात येऊन गेलं, पण का म्हणून सोडू? ती खुर्ची मला कोणी भीक म्हणून दिलेली नाही.

सोमवारी सकाळच्या मीटिंगला आम्ही सात-आठ जण होतो. चहा आला. आता तो पुन्हा चालू झाला होता, वर आणि खालीही. शेठनी कप उचलला आणि सगळ्यांना सांगायला लागले की काल मी बेनच्या घरी जाऊन आलो, आपल्याकडे असा काही भेदभाव नाही, आणि मासीच्या हातचा चहा, वाह, असा चहा मी सुरतेत प्यायलो नाही. सगळे माझ्याकडे बघून हसले, कौतुकाने. हिशेबनीस काकांनी तर मान डोलावली.

मला काल जागची न उठलेली माय दिसली. एवढा वेळ ती उठली नव्हती ती यासाठी नाही.

मी गुजरातीतच बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं. म्हटलं, "शेठ, आमच्या घरी तुम्ही चहा प्यायलेला नाही. एकदा तुम्ही घेतला नाही आणि एकदा आईने दिला नाही."

शेठनी कप खाली ठेवला आणि समोरची फाइल उघडून कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या तक्रारीबद्दल विचारलं. मी उत्तर दिलं. मीटिंग संपल्यावर माझ्या जागेवर येऊन बसले. दोनदा पासवर्ड चुकला. तिसऱ्यांदा लागला, आणि मी युटाला फिक्या जांभळ्या रंगाचे नमुने निघाल्याचं कळवलं.